हयातीचा फॉर्म

हेडबाईंना सून नापसंत होती असं म्हणता येणार नाही. त्यांना कुणीच पसंत नसे. उभा जन्म शाळेत गेला, त्यातली शेवटची बरीच वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. निवृत्त झाल्या तेव्हा शाळा सुटली, तपासणी मात्र सुटली नाही. सुनेने घाईघाईत फ्रिजवर 'दुध संपलय' अशी चिठ्ठी लावली, की ती ऑफिसातून परतेपर्यंत त्या चिठ्ठीवर लाल शाईने दीर्घ ऊकार आणि अनुस्वार चढलेला असे. दूध मात्र आलेलं नसे.

पाहुणे जेवायला असले की हेडबाई पहिला घास घेऊन थांबायच्या. मग सगळेच थांबायचे.

"चार," त्या म्हणायच्या. "दहापैकी. त्यातला एक नीट वाढल्याचा."

पाहुणे हसायचे. सुनेचा नवराही हसायचा, कारण लहानपणापासून त्याला तेवढंच येत होतं. सून वाढत राहायची.

"काय करते हो तुमची सून?" असं एकदा कुणीतरी विचारलं.

"चौकटी आखते," हेडबाई म्हणाल्या. "मोबाइलवर. आमच्याकडे पहिलीतली मुलं आखायची तशा."

त्यात खोटं काही नव्हतं. मोबाइलवर इंटरनेट दिसायला नुकतीच सुरुवात झाली होती. पडदा काडेपेटीएवढा, पानं उघडायची ती गोगलगाईच्या चालीने. सुनेची कंपनी त्या इवल्या पडद्यासाठी फॉर्म बनवायची आणि ते फॉर्म कसे असावेत हे ठरवणं सुनेचं काम होतं. त्यात ती खरोखर हुशार होती. माणूस कुठे अडखळेल, कुठे वैतागेल, कुठे फोन आपटेल, हे तिला आधीच दिसायचं. एका बटणावर चार-चार अक्षरं, हवं ते अक्षर येईपर्यंत बटण दाबत राहायचं, एक दाब जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून. अशा फोनवर माणसाकडून जितकं कमी लिहून घ्याल तितकं पुण्य, असं ती म्हणायची. लिहिण्याऐवजी निवडायला द्या. एका पानावर एकच प्रश्न विचारा. आकडे हवे असतील तर फोन आपणहून आकड्यांवर गेला पाहिजे. आणि चूक झाली तर चुकलेलं तेवढंच विचारा, बाकीचं पुसू नका.

कंपनीला एक मोठं काम मिळण्याच्या बेतात होतं. पेन्शन घेणाऱ्यांना दरवर्षी कचेरीत जाऊन आपण हयात आहोत असं लिहून द्यावं लागायचं. म्हातारी माणसं रांगेत ताटकळायची, एखादा तिथेच कोसळायचा. ते आता घरबसल्या फोनवर करायचं ठरलं होतं. कंपनीच्या साहेबांनी स्वतःच एक फॉर्म बनवला होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, पेन्शन क्रमांक, बँक, सगळं एकाच लांबलचक पानावर. कचेरीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर तो देखणा दिसायचा. फोनवर तो विहिरीत डोकावल्यासारखा दिसायचा. वर काळ्याशार चौकटी, तळाशी कुठेतरी 'पाठवा'. आणि एक जरी गोष्ट चुकली तरी अख्खा फॉर्म कोरा होऊन परत यायचा.

"साहेब, म्हाताऱ्या माणसांना हे झेपणार नाही," सून म्हणाली.

"शिकतील हो. शिकायला वय नसतं."

"माझा फॉर्म बघा तरी. एक-एक प्रश्न—"

"बारा पानं उलटायची? लोक कंटाळतील." साहेबांनी खुर्ची फिरवली. "ऑफिसातल्या सगळ्यांनी माझा फॉर्म भरून पाहिला. कुणाला अडचण आली?"

ऑफिसातल्या सगळ्यांची बोटं कोवळी होती आणि डोळे गरुडाचे. सुनेला एक म्हातारं माणूस हवं होतं. घरी जाता जाता तिला हेडबाई आठवल्या, आणि आठवल्या त्या क्षणी तिच्या पोटात काहीतरी गोड हललं. ते काय होतं हे तिला चांगलं कळलं. तिने ते तसंच राहू दिलं.

"आई, तुमची मदत हवी होती ऑफिसात. अनुभवी माणूस पाहिजे."

हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे तुमच्याकडे नाहीत."

"नाहीत ना."

ठरलेल्या दिवशी हेडबाई इस्त्रीची साडी नेसून, पर्समध्ये दोन चष्मे आणि शाईचं पेन घेऊन तयार झाल्या. रिक्षात बसताना शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुनेच्या ऑफिसात बोलावलंय. सल्ला द्यायला."

चाचणीची खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, टेबलावर वाकलेला दिवा. दिव्याशेजारी एक कॅमेरा थेट खाली रोखलेला, म्हणजे त्यात फक्त हात आणि फोन दिसायचा, चेहरा नाही. आवाज मात्र स्वच्छ यायचा. पलीकडच्या खोलीत टीव्हीवर हे सगळं ऑफिसला बघता येत होतं. तिथे साहेब होते, कॅमेरा सांभाळणारा होता आणि काम टाकून आलेले पाच-सहाजण होते. सासू-सुनेचा सामना कोण चुकवेल?

नियमाप्रमाणे माणसाला दोन्ही फॉर्म द्यायचे असायचे, आधी एक, मग दुसरा. सुनेने आपला फॉर्म फोनवर उघडलाच नाही. तिने साहेबांचा फॉर्म उघडला आणि फोन हेडबाईंच्या हातात दिला.

"यात तुमची माहिती भरायची आणि पाठवायची. बस्स."

"एवढंच?" हेडबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा बदलला.

पहिलं अक्षर यायला वेळ लागला, पण आलं. त्यांनी मान डोलावली, स्वतःलाच शाबासकी दिल्यासारखी. दुसरं अक्षर त्याच बटणावर होतं. अशा वेळी क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर पहिलं अक्षरच बदलतं. हेडबाई थांबल्या नाहीत. पहिलं अक्षर बदललं.

"हे काय? मी तर बरोबर दाबलं."

सून गप्प राहिली. चाचणी घेणाऱ्याने मदत करायची नाही, हा नियम. तो तिनेच कंपनीत आणला होता.

नावाला इतका वेळ गेला की पलीकडे कुणीतरी चहा घेऊन आला. पेन्शन क्रमांकाशी गाडी अडली, कारण आकडे कुठे सापडेनात. बटण दाबून धरलं की आकडा येतो, एवढंच सांगायचं होतं. तीन शब्दांचं काम. हेडबाई सात आकड्यासाठी सातचं बटण दाबत राहिल्या आणि पडद्यावर अक्षरामागून अक्षर फिरत राहिलं.

"सात कसा काढायचा?"

"आई, मला सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटतं ते करून बघा."

"मला वाटतं तू सांगावंस."

पलीकडून हसू आलं. भिंत पातळ होती. हेडबाईंनी मान वर केली. वर्गातलं हसू त्या पाठमोऱ्या असतानाही ओळखायच्या, कुठल्या बाकावरून आलं तेही.

"तिकडे कोण आहे?"

"कुणी नाही. तुम्ही भरा."

कसाबसा सात सापडला. बाकीचे आकडे सापडले. जन्मतारीख त्यांनी लिहिली ती शाळेत शिकवायच्या तशी, मध्ये टिंबं देऊन. फॉर्मला तिरप्या रेघा हव्या होत्या, पण तसं त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'पाठवा' दाबलं. पडदा विचार करत बसला. मग उत्तर आलं: माहिती चुकीची आहे. खाली सगळ्या चौकटी पुन्हा कोऱ्या.

हेडबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"माझं नाव गेलं," त्या म्हणाल्या.

"पुन्हा भरा."

"सगळं? पण नाव तर बरोबर होतं. चुकलेल्याला खूण करायची असते. सगळं पुसत नाहीत. असं कुणी तपासतं का?"

हे सुनेचंच म्हणणं होतं, साहेबांसमोर ती शंभरदा तेच बोलली होती. पलीकडे साहेब ऐकत होते. सामना खरं म्हणजे तिथेच जिंकला होता, ती उठून फोन परत घेऊ शकली असती. ती म्हणाली, "पुन्हा भरा, आई."

दुसऱ्या वेळीही फॉर्म कोरा झाला. तिसऱ्या वेळी हेडबाईंच्या अंगठ्याचा घाम बटणांवर चकाकायला लागला. पेन काढून त्या म्हणाल्या, "मी कागदावर लिहून देते. सुवाच्य. तुम्ही घाला त्यात."

"कागद चालत नाही."

"अगं, मी जिवंत आहे एवढंच सांगायचंय ना? तुला दिसतेय ना मी?"

"मला दिसून काय उपयोग? फॉर्मला दिसायला हवं."

आता पलीकडे सगळेच हसले, साहेबांचा ठसका वेगळा ऐकू आला. हेडबाई भिंतीकडे वळल्या आणि त्यांच्या तोंडून जुना आवाज सुटला, मैदानाच्या पलीकडच्या पोराला जागच्या जागी खिळवणारा.

"शांत बसा!"

क्षणभर खरोखरच शांतता झाली. मग जे हसू फुटलं त्याने दार हाललं.

हेडबाईंनी फोन पुन्हा उचलला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि हळू आवाजात, जणू समोर कुणी कारकून बसलाय अशा अजिजीने त्या म्हणाल्या, "जिवंत आहे हो मी. खरंच आहे."

मग त्यांनी उजवा हात वर केला. तर्जनी ताठ, कोपर टेबलाला टेकलेलं. "मी जाऊ का?"

सुनेने घड्याळाकडे पाहिलं. "वेळ आहे अजून," ती म्हणाली. "प्रयत्न करा."

साहेब मोठ्या मनाचे निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला फॉर्म रद्द केला, सुनेचा घेतला आणि तिच्या पाठीवर थाप मारायच्या ऐवजी टेबलावर थाप मारली. "काळीज दगडाचं आहे हो तुमचं. या धंद्यात तेच लागतं." गिऱ्हाइकापुढे त्यांनी हेडबाईंची चित्रफीत लावली. आमचा पहिला विचार असा होता, पण आम्ही माणसांवर तपासून बघतो, असं सांगितलं. गिऱ्हाईक डोळे पुसत हसलं आणि सही करून गेलं. सुनेला बढती मिळाली, स्वतंत्र खोली मिळाली.

हेडबाई घरी त्या दिवसाविषयी काही बोलल्या नाहीत. शेजारणीने विचारलं, तेव्हा "दिला सल्ला" एवढंच म्हणाल्या. जेवणाला मार्क देणं मात्र बंद झालं. सुंठीवाचून खोकला गेला, असं सुनेला वाटलं.

पण कॅमेरा सांभाळणाऱ्याने त्या चित्रफितीतलं मोजकं तेवढं कापून आपल्या फोनवर घेतलं होतं. तेव्हा फोन फोनाला लावून अशा गोष्टी द्यायची नवी चटक लागली होती. त्याने मित्राला दिली, मित्राने आणखी कुणाला. नाव पडलं 'जिवंत आजी'. दोन थरथरते हात, कोरा होणारा पडदा, "शांत बसा!", ते "जिवंत आहे हो मी" आणि शेवटी वर झालेला हात, "मी जाऊ का?" चेहरा नव्हता, त्यामुळे ती कुणाचीही आजी होती. ज्यांची शाळा त्या आवाजाखाली गेली होती, त्यांच्यासाठी मात्र ती कुणाचीही नव्हती.

नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाने काउंटरवर फोन टेकवला. "बघा, मजा बघा."

त्या संध्याकाळी तो लवकर घरी आला. आई भाजी आणायला गेली होती. तो बायकोसमोर उभा राहिला.

"तिथे तू होतीस?"

तिने नाही म्हटलं नाही. "मीच घेतली चाचणी."

"ती हात वर करून विचारत होती, जाऊ का म्हणून."

"हो."

तो खुर्चीवर बसला. "मी हसलो गं," तो म्हणाला. "आधी हसलो. आईचा हात दिसला, अंगठी दिसली, तरी हसू थांबेना. त्याला वाटलं आवडलं मला. म्हणाला, देऊ का तुमच्या फोनवर?"

"मग?"

"घेतली."

दोघांनी ठरवलं, आईला कळू द्यायचं नाही. हे ठरत होतं तेव्हा हेडबाई भाजीबाजारात उभ्या होत्या. त्यांनी वजनावरून भाजीवाल्याला झापलं. मागून कुणीतरी, चांगल्या वयाचा बाप्या, नाकातून आवाज काढून म्हणाला, "जिवंत आहे हो मी!" आजूबाजूचे हसले. हेडबाई वळल्या. तो त्यांचा विद्यार्थी होता, कुठल्या तुकडीतला तेसुद्धा त्यांना आठवलं. पूर्वी त्यांनी नुसतं पाहिलं असतं तरी तो पळाला असता. आता तो पळाला नाही. उलट त्याने फोन काढून दाखवला.

घरी येऊन त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मला ती दाखवा," त्या म्हणाल्या.

नवरा आत निघून गेला. सुनेने त्याचा फोन उचलला, चित्रफीत लावली आणि दिली. हेडबाईंनी ती फोन लांब धरून पाहिली. दुसऱ्यांदा लावायला सांगितली. उत्तरपत्रिका तपासतानाचा चेहरा होता तो, त्यावर काही उमटत नसे.

"ज्या फॉर्मसाठी तुला बढती मिळाली, तो तेव्हाच तयार होता ना? सोपा?"

"होता."

"तो मला का नाही दिलास?"

सुनेच्या मनात दोन-तीन उत्तरं तयार होती. वेळ नव्हता. साहेबांना पटवायचं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठीच. शेवटची दोन खरीही होती. पण हेडबाई थेट बघत होत्या, आणि त्या नजरेसमोर सबबी सांगणं आजवर कुणाला जमलेलं नव्हतं.

"तुम्हाला जमला असता म्हणून," ती म्हणाली.

हेडबाईंनी मान डोलावली. "असे पेपर मीही काढलेत. एखाद्याला पाडायचाच असला की." त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "पण त्या पोरांना ठाऊक असायचं, की ही बाई आपल्याला पाण्यात पाहते. तू मला मानाने रिक्षाने नेलंस."

त्या दिवसापासून हेडबाई हळू बोलू लागल्या. आधी फक्त बाहेर, मग घरातही. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर चिठ्ठी पुढे करायच्या. फोन वाजला तरी उचलायच्या नाहीत. तो आवाज कुणी ओळखेल याची त्यांना इतकी धास्ती बसली, की आवाजच राहिला नाही. डॉक्टरने घसा तपासला. घशात काही नव्हतं.

सुनेचा फॉर्म सुरू झाला आणि गाजला. बोटं थरथरणारी माणसं अंथरुणात पडल्या पडल्या आपण हयात असल्याचं कळवू लागली. एकाने कंपनीला आभाराचं पत्र लिहिलं, ते साहेबांनी चौकट करून लावलं. हेडबाईंनी मात्र फोनला हात लावायचं नाकारलं. "आई, एका मिनिटाचं काम आहे, मी भरते," असं सून म्हणाली, तेव्हा त्यांनी ऐकलंच नाही असं केलं आणि त्या कचेरीत जायला निघाल्या. मुलगा सोबत गेला. आता रांग छोटी झाली होती, सुनेच्या कृपेने. खिडकीपाशी हेडबाई काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्याने बोला, आजी," कारकून म्हणाला.

त्यांनी पुन्हा ओठ हलवले.

"अहो, काय म्हणताय? आवाज नाही का तुम्हाला?"

शेवटी मुलाने सगळं सांगितलं. त्यांनी सही केली. घरी आल्यावर नवऱ्याने हे सुनेला सांगितलं आणि वर म्हणाला, "तू काही बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

त्याने आईच्या कागदांची पिशवी कपाटात ठेवून दिली.

पुढच्या कामासाठी साहेबांनी सुनेला बोलावलं. दवाखान्यांचा फॉर्म होता. "तुमच्या सासूबाई येतील का हो परत?" ते म्हणाले. "तसं माणूस मिळत नाही."

"त्या बोलत नाहीत हल्ली," सून म्हणाली.

"अरेरे. मग काय उपयोग?"

थंडी संपता संपता हेडबाईंनी धाकट्या बहिणीकडे जायचं ठरवलं. दूरच्या गावी, जिथे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ठरवलं तेही त्यांनी मुलाला लिहून दिलं. बसस्टँडवर त्या खिडकीजवळ बसल्या, पर्स मांडीवर. मुलगा खाली उभा राहून काहीबाही सांगत होता: औषधं, फोन, महिन्याभरात येतो. सून त्याच्यामागे उभी होती. बस सुटायच्या आधी हेडबाईंनी तिला बोटाने जवळ बोलावलं. ती जवळ गेली, टाचा उंचावून तिने कान खिडकीशी नेला. आता शिवी येईल किंवा माफी, काहीतरी येईल असं तिला वाटलं.

"काच सरकव," हेडबाई पुटपुटल्या. "वारा लागतो."

तिने काच सरकवली. बस गेली.

घरी परतल्यावर नवरा दुकानात निघून गेला. दुपार होती. सून सासूच्या खोलीत गेली, पडदे ओढले आणि त्या पलंगावर आडवी झाली. तिला वाटलं होतं झोप लागणार नाही. पण घरात कुणाचाच आवाज नव्हता, खोली गार होती आणि तिला लगेच गाढ झोप लागली. संध्याकाळी उठली तेव्हा कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं तिला ताजंतवानं वाटत होतं. तिने तोंड धुतलं, चहा केला आणि तो उभ्यानेच, गरम गरम पिऊन टाकला.